पोरगं बरं दिसतंय, मग औषध कशाला?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. राजकारणावरची नाही, पण सार्वजनिक आहे.

कॅन्सरची बातमी आपल्याकडे दोनदाच होते. एकदा निदान झालं की, "मदतीचं आवाहन" म्हणून. आणि एकदा शेवटी. मधली दोन-अडीच वर्षं कुणी छापत नाही. मी स्वतः वीस वर्षं तालुक्याच्या गावी पत्रकारिता करतोय, आवाहनाच्या अशा बातम्या मी पन्नासेक तरी दिल्या असतील. ती मधली वर्षं काय असतात ते माझ्या भाच्याच्या आजारपणात जवळून बघायला मिळालं. तेव्हा वाचायला लागलो. आणि लक्षात आलं की केमोथेरपी "संपते" ही गोष्टच मुळात नवी आहे. ती कधी संपवायची, हे ठरवताना एका डॉक्टरची नोकरी गेलेली आहे. तो इतिहास सांगतो. त्यात आपलं परळ दोन-तीनदा येतं.

सुरुवात परळपासूनच करू. 1928 साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडायच्या आणि मरायच्या, त्याचं कारण शोधायला. जागा होती परळची हाफकिन इन्स्टिट्यूट. हा नेहमीचा रक्तक्षय नव्हता. रक्तपेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या, बेढब. बाईंनी या बायकांच्या घरातलं खाणं तपासलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी गुण आला तो मार्माइटने. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, खारट अर्क, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो. 1931 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अर्कात नेमकं काय आहे ते कळलं नव्हतं, म्हणून बरीच वर्षं त्याला नुसतंच "विल्स फॅक्टर" म्हणत. पुढे 1941 मध्ये अमेरिकेत टेक्सासला काही टन पालक उकळून, गाळून तो पदार्थ वेगळा केला. पानातून मिळाला म्हणून लॅटिनमधल्या "पान" या शब्दावरून नाव पडलं फॉलिक ॲसिड. आज आशाताई गरोदर बाईला लाल गोळी देतात ना, त्यात लोहाबरोबर हेच असतं.

आता दुसरा माणूस. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचा, जन्म 1895. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात असताना गांधींच्या हाकेला ओ देऊन खादी घातली, सर्जरीचा इंग्रज प्रोफेसर रागावला आणि पूर्ण पदवीऐवजी खालच्या दर्जाचा दाखला हातात पडला. तो घेऊन हा माणूस बोस्टनला गेला, हार्वर्डमध्ये काम केलं, नाव झालं पण नोकरी पक्की झाली नाही. 1940 मध्ये लेडर्ले नावाच्या औषध कंपनीत गेला. तिथे त्याच्या हाताखालच्या मंडळींनी फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं. आणि ते बनवता बनवता त्याची भावंडंही बनवली. दिसायला फॉलिक ॲसिडसारखी, पण पेशीच्या आत गेली की काम अडवणारी. कुलपात चुकीची किल्ली घातल्यासारखी. अडकून बसते, कुलूप उघडतही नाही आणि खऱ्या किल्लीला जागाही सोडत नाही.

त्याच वेळी बोस्टनमध्ये सिडनी फार्बर हा डॉक्टर ल्युकेमिया झालेल्या मुलांचं काय करावं या विवंचनेत होता. तेव्हा ल्युकेमिया झालेलं मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायचं. फॉलिक ॲसिडने रक्त सुधारतं म्हणून त्याने आधी तेच देऊन पाहिलं, तर आजार जास्तच भडकला. ज्या खुराकाने चांगल्या पेशी वाढतात त्यानेच वाईट पेशीही वाढत होत्या. मग त्याने उलटा विचार केला. वाढवणारं औषध आग लावत असेल तर अडवणारं औषध विझवेल. सुब्बारावांकडून ॲमिनोप्टेरिन आलं. जून 1948 मध्ये निकाल छापून आले. 16 मुलं, त्यातली 10 सुधारली. पाय ओढत येणारी पोरं चालायला लागली. पण सुधारणा तात्पुरती होती. काही महिन्यांत आजार उलटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले, वय 53. आपल्या शाळांच्या भिंतींवर शास्त्रज्ञांचे फोटो असतात, त्यात हा माणूस मला अजून दिसलेला नाही.

(मस्टर्ड गॅसची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. युद्धातल्या विषारी वायूपासून 1942 मध्ये येल विद्यापीठात पहिलं केमोचं औषध दिलं गेलं, आणि लष्करी गुपित म्हणून 1946 पर्यंत ते छापलं नाही. "केमो म्हणजे विष" हे जे आपण म्हणतो ते तिथून आलंय आणि ते खोटंही नाही. पण माझ्या भाच्याला जे औषध मिळालं त्याचं घराणं दुसरं, विल्सबाईंच्या बाजूचं.)

ॲमिनोप्टेरिनची सुधारलेली आवृत्ती म्हणजे मेथोट्रेक्सेट. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात ही पिवळी गोळी असेल, कारण संधिवातालाही हीच देतात. आठवड्यातून एकदा. पुन्हा लिहितो, आठवड्यातून एकदा. ही गोळी चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत, जगभर. मेडिकलवाल्याने पाकिटावर वार लिहिला नसेल तर लिहून घ्या. भाच्याच्या घरी ती "गुरुवारची गोळी" होती. कालनिर्णयवर प्रत्येक गुरुवारी लाल गोल.

आता मूळ मुद्दा. गोळी कधी थांबवायची?

1950च्या दशकात याचं उत्तर सोपं होतं. गाठ दिसेनाशी झाली, ताप उतरला, रिपोर्ट ठीक आले की थांबवा. विषच आहे ते, गरजेपेक्षा जास्त कशाला? वॉशिंग्टनजवळच्या सरकारी नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये मिन चिऊ ली नावाचा चिनी डॉक्टर होता. त्याच्याकडे वारेच्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरच्या बायका यायच्या. बाळंतपणानंतर किंवा गर्भ पडल्यानंतर होणारा हा आजार फुप्फुसात पसरला की तेव्हा वाचणं नव्हतं. 1956 च्या सुमाराला लीने मेथोट्रेक्सेट दिलं आणि छातीच्या फोटोतल्या गाठी विरघळल्या. सगळे खूश. पण ली या बायकांच्या लघवीतला एचसीजी हार्मोन मोजत होता, तोच जो गरोदरपणाच्या पट्टीत दिसतो. गाठी गेल्या होत्या, हार्मोन थोडा उरला होता. ली म्हणाला, हार्मोन उरलाय म्हणजे आजार उरलाय. आकडा शून्यावर येईपर्यंत मी औषध देणार.

वरिष्ठ म्हणाले, बरी दिसणाऱ्या बाईला विष देतोस? 1957 मध्ये त्याला तिथून जावं लागलं. नंतर हिशेब झाला. ज्यांचं औषध गाठ जाताच थांबलं होतं त्यांचा आजार उलटला. लीच्या बायका, ज्यांना आकडा शून्य होईपर्यंत औषध दिलं, त्या बऱ्याच झाल्या. पसरलेला कॅन्सर नुसत्या औषधाने कायमचा बरा होण्याची ही पहिली उदाहरणं. 1972 मध्ये लीला लास्कर पुरस्कार मिळाला, इतरांबरोबर. पुरस्काराने नोकरी परत येत नाही ती गोष्ट वेगळी.

मला ही गोष्ट वाचताना आमच्या बहिणीची शेजारीण आठवली. भाचा सहा वर्षांचा. पहिल्या महिन्याच्या उपचारातच रक्त नॉर्मल आलं. तीन-चार महिन्यांनी केस परत यायला लागले, गल्लीत क्रिकेट सुरू झालं. शेजारच्या काकू बहिणीला म्हणाल्या, "अगं, लेकरू ठणठणीत झालंय. आता कशाला पैसे घालून विष पाजतेस?" काकू वाईट नाहीत. अमेरिकेच्या सरकारी संस्थेतल्या मोठ्या डॉक्टरांचं 1957 सालचं जे मत होतं तेच त्यांचं होतं.

पण हिशेब काय सांगतो बघा. ल्युकेमियाचं निदान होतं तेव्हा अंगात वाईट पेशी साधारण एक लाख कोटी असतात. औषधाने त्यातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या तरी एक हजार कोटी उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसत नाहीत. रिपोर्टवर "नॉर्मल" येतं. अलाबामात हॉवर्ड स्किपर नावाच्या शास्त्रज्ञाने 1960च्या दशकात उंदरांवर दाखवलं की एक पेशी शिल्लक राहिली तरी उंदीर मरू शकतो, आणि प्रत्येक डोस ठरावीक हिश्श्यानेच पेशी मारतो. सगळ्या एकदम कधीच नाही. म्हणून पुन्हा पुन्हा द्यायचं. म्हणून एक औषध नाही, चार द्यायची.

त्या चारातलं एक आपल्या दारातलं आहे. सदाफुली. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी 1950च्या दशकात ती तपासली ती मधुमेहासाठी, कारण जमैकात लोक तिच्या पानांचा काढा घ्यायचे. आपल्याकडेही घेतात. साखर काही उतरली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र भराभर कमी झाल्या. त्याच झाडातून पुढे विनक्रिस्टिन निघालं, 1963 मध्ये बाजारात आलं. शेकडो किलो वाळल्या पानांतून ग्रॅमभर. तेव्हा कृपा करून कुणी कॅन्सरला सदाफुलीची पानं चावायला सांगू नका, व्हॉट्सॲपवर तर नकोच. आणखी एक औषध गर्ट्रूड एलियन या बाईंनी बनवलं, 6-मर्कॅप्टोप्युरिन. आजोबा कॅन्सरने गेले म्हणून रसायनशास्त्राकडे वळलेली, पीएचडी नसलेली बाई. 1988 मध्ये नोबेल. चौथं स्टेरॉइड.

ही औषधं एकत्र, जास्त डोसने, मेंदू आणि कण्यालाही संरक्षण देऊन, आणि मूल बरं दिसत असतानाही सुमारे तीन वर्षं द्यायची, हे डोनाल्ड पिंकेल यांनी मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलात ठरवलं. 1962 मध्ये सुरू झालेलं हॉस्पिटल. साठच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या पाचव्या प्रयोगात जवळपास निम्मी मुलं कायमची बरी झाली. औषध थांबवलं आणि आजार आला नाही. मला वाटतं ल्युकेमियात "उपचार संपला" हे वाक्य खऱ्या अर्थाने तिथे जन्माला आलं. त्याआधी उपचार संपायचा नाही, पेशंट संपायचा.

आपल्याकडे? परळलाच परत येऊ. लेडी मेहरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्या दुःखातून आणि टाटा ट्रस्टच्या पैशातून 28 फेब्रुवारी 1941 ला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं, हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी तिथे सर्जरी होती, रेडियम होतं. ज्या आजाराने मेहरबाई गेल्या त्यावर मात्र एकही औषध जगात नव्हतं. आणि त्या औषधाचा धागा दहा वर्षांपूर्वी शेजारच्याच गल्लीत, गिरणीतल्या बायकांच्या रक्तात सापडून गेला होता! तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे 1962 पासून हॉस्पिटल अणुऊर्जा विभागाकडे आलं. 1983 मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी तिथे देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केलं, व्हीलचेअरवर बसून. लहानपणीच्या पोलिओने पाय गेलेले. (पिंकेलनाही पोलिओ झाला होता. योगायोगच.) 1980च्या दशकात मुंबई, दिल्ली, चेन्नई या तीन ठिकाणी मुलांच्या ल्युकेमियासाठी एकाच ठरावीक पद्धतीने उपचार सुरू झाले आणि बरं होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं. श्रीमंत देशांत आज ते 90 टक्क्यांच्या आसपास आहे.

मधल्या फरकात औषधाचा वाटा आहेच. पण मोठा वाटा अर्ध्यात सोडलेल्या उपचारांचा आहे. अर्ध्यात का सोडतात? काकूंचं म्हणणं हे एक कारण. बाकीची सांगतो.

प्रवास. आमच्याकडून देवगिरीने सकाळी दादर. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सवलत, सोबतच्या माणसाला 75 टक्के. हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. हे माहीत नसल्याने पहिले चार महिने पूर्ण तिकीट काढणारी माणसं मला फलाटावर भेटली आहेत. राहणं. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिने किती संसार तोलले याची मोजदाद नाही. मुलांसाठी 2006 पासून सेंट ज्यूड इंडियाची मोफत घरं आहेत. तरीही परळच्या फुटपाथवर ताडपत्रीखाली राहणारी कुटुंबं आजही दिसतात. उपचाराचा खर्च महात्मा फुले योजनेत बसतो, हे खरं. पण बापाची बुडालेली मजुरी, मागे ठेवलेलं दुसरं लेकरू, विकलेली म्हैस, हे कुठल्या योजनेत बसतं?

आणि त्रास. तो मोठ्या शब्दांत सांगता येत नाही. स्टेरॉइडच्या महिन्यात भाचा रात्री दोनला उठून वरण-भात मागायचा, चेहरा फुगलेला, चिडका. सदाफुलीच्या इंजेक्शनाने पोट साफ व्हायचं नाही, जबडा दुखायचा, पाऊल लटकं पडायचं. शंभराच्या वर ताप म्हणजे तातडीने दवाखाना, कारण पांढऱ्या पेशी नसतात. काउंट कमी आला की डोस पुढे ढकलायचा, म्हणजे पुन्हा तिकीट. उलटीचं मात्र पूर्वीसारखं राहिलेलं नाही. ओंडॅनसेट्रॉन हे औषध 1990-91 च्या सुमाराला आलं, तेच आपल्याकडे एमसेट म्हणून घरोघर आहे. त्याआधी केवळ उलट्या सोसवत नाहीत म्हणून लोक केमो सोडायचे. केमोच्या इतिहासात मोठ्या औषधांची नावं येतात, या काही रुपयांच्या गोळीचं येत नाही. माझ्या मते यायला हवं.

एकदा गावातल्या एका ओळखीच्यांनी प्रेमाने ताकदीच्या टॉनिकची बाटली आणून दिली. लेबल वाचलं तर फॉलिक ॲसिड! फार्बरची गोष्ट मी तेव्हा नुकतीच वाचली होती. बाटली बाजूला ठेवली, डॉक्टरांना दाखवली, ते म्हणाले नको. ल्युकेमियाच्या पोराला स्वतःच्या मनाने टॉनिक देऊ नका, विचारून द्या.

शेवटचा गुरुवार गेल्या पावसाळ्यात झाला. हल्ली काही हॉस्पिटलांत उपचार संपला की घंटा वाजवतात. ही पद्धत 1996 ची, ह्यूस्टनच्या एम.डी. अँडरसन हॉस्पिटलात अर्व्ह ले मॉइन नावाच्या नौदल अधिकाऱ्याने सुरू केलेली. काम फत्ते झालं की नौदलात घंटा वाजवतात म्हणून. गंमत अशी की 2019 मध्ये अमेरिकेत रेडिएशनच्या पेशंटचा एक अभ्यास झाला, त्यात घंटा वाजवणाऱ्यांच्या मनात उपचाराची आठवण जास्त क्लेशदायक राहिलेली आढळली. मला त्याचं नवल वाटलं नाही. बहीण त्या गुरुवारनंतर जास्त घाबरली होती. अडीच वर्षं गोळी देत होतो म्हणजे काहीतरी करत होतो. आता नुसतं थांबायचं. पहिल्यांदा महिन्या-महिन्याने तपासणी, मग अंतर वाढत जातं. "दादा, आता गुरुवारी काय करू?" असं तिने मला फोनवर विचारलं होतं. भाच्याचं वेगळंच. कालनिर्णयवरचे लाल गोल संपले म्हणून त्याने स्वतःच्या मॅचचे निळे गोल काढायला घेतले.

आता सार्वजनिक मुद्द्याचं. फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डे-केअर कॅन्सर केंद्र उघडण्याची घोषणा झाली, पैकी 200 त्याच आर्थिक वर्षात. चांगली घोषणा आहे. निदान आणि अवघड भाग मोठ्या हॉस्पिटलात, पुढची साधी इंजेक्शनं आणि रक्ततपासण्या जिल्ह्याला, असं खरंच झालं तर देवगिरीचे निम्मे फेरे वाचतील आणि अर्ध्यात सोडणारे कमी होतील. फक्त फीत कापायला येणाऱ्या साहेबांना आपण नेमके प्रश्न विचारायला हवेत. केमो देण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या नर्स किती? विनक्रिस्टिन थंड ठेवायला फ्रीज आणि लाइट गेली तर बॅकअप आहे का? सीबीसीचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो का? अडीच मिलिग्रॅमची मेथोट्रेक्सेट बारा महिने स्टॉकमध्ये असते का? आणि एखादं पोरगं ठरल्या तारखेला आलं नाही, तर त्याच्या आईला फोन करण्याचं काम कुणाच्या नावावर आहे?

हे पाच प्रश्न मी आमच्या जिल्हा रुग्णालयाला माहिती अधिकारात टाकले आहेत. तुम्ही तुमच्या जिल्ह्यात टाका. उत्तरं आली की इथेच लिहितो.